ड्रम कोणी उघडला

आमच्या शेडमध्ये त्यांना सगळे वहमी म्हणायचे. मीही म्हणायचो. फरक एवढाच, की त्यांचा वहम खरा होता हे त्या शेडमध्ये फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

शेड शहापूरच्या पुढे, हायवेपासून थोडी आत होती. बाहेरून पाहणाऱ्याला राइस मिल वाटावी अशी. आत धातूंच्या भुकट्या बनायच्या. मी तिथे मिल चालवायचो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. मी आयटीआय करून भुकटीत शिरलो, म्हणून साहेब मला 'मागवाल्या' म्हणायचे. साहेब म्हणजे हेच, आमच्या विभागाचे प्रमुख. बपेऱ्याचे, धानवाल्या घरातले. मोठ्या शहरात धातूशास्त्र शिकून, तिथे नोकरी करून, मध्येच कधीतरी जिल्ह्यात परत आलेले. का परत आले ते कोणाला माहीत नव्हतं. विचारलं की ते उलट विचारायचे, "तुले कोनं विचाराले सांगतलं?"

उंच, वाळके, चालताना एक खांदा पुढे. शर्टाला दोन खिसे. उजव्या खिशात पेन्सिल आणि डाव्या खिशात स्टीलची एक लहान डबी, टोपणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या डबीबद्दल आमच्यात बरंच बोलणं व्हायचं. कोणी म्हणे तंबाखू. पण साहेब तंबाखू खात नव्हते.

रोज सकाळी काट्यावर पहिल्यांदा ते एक पितळी घुंगरू ठेवायचे. काटा इलेक्ट्रॉनिक होता, दरवर्षी त्याच्यावर तपासणीचा शिक्का लागायचा. पण साहेबांचा भरवसा घुंगरावर. आकडा कालचाच आला की म्हणायचे, "आज काटा खरं बोलून राहिला." शेवटचा आकडा हलला की पंखा बंद, खिडक्या बंद, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एकदा मॅनेजर वैतागले. "अहो, एवढी मोठी कंपनी काटा बनवते, ती खोटी, अन् तुमचं घुंगरू खरं?"

साहेब म्हणाले, "घुंगराले पगार नाही भेटत."

हायवेवरच्या टपरीवर ते चहा घ्यायचे, पण पहिला गिलास कधीच नाही. दुसऱ्या कोणीतरी घेतला, त्याने दोन घोट प्यायले, की मग हे हात पुढे करायचे. टपरीवाला हसून म्हणायचा, "सायेब, तुमाले जहर द्याचं म्हनलं तं मले पुऱ्या हायवेले द्या लागन."

"म्हनून तं इतं येतो," साहेब म्हणायचे.

आणि त्यांचं रजिस्टर. त्यात लोखंडाची भुकटी नावाने लिहिलेली कधी सापडायची नाही. लोखंड म्हणजे लुचई. यिट्रियम नावाच्या धातूचं ऑक्साइड म्हणजे चिन्नोर. आमच्याकडच्या धानाच्या जाती. कोणी रजिस्टर चोरून नेलं तर त्याने भात शिजवावा, एवढाच त्याचा उपयोग.

आता ज्या कामामुळे हे सगळं घडलं, ते सांगतो. आमच्या शेडला एका मोठ्या संस्थेकडून एक काम मिळालं होतं. अणुभट्टीत इंधन ज्या नळ्यांत भरतात, त्या नळ्यांसाठी नव्या प्रकारचं पोलाद करून पाहायचं होतं. आम्ही त्याची फक्त भुकटी करायची, पुढचं सगळं दुसरीकडे. अणुभट्टी आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. पोलादाला तिथे काय त्रास होतो, हे मला साहेबांनीच एकदा, टपरीमागच्या धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे खाचरांकडे, हात करून सांगितलं.

"पोलाद भट्टीत फुगते. मुरमुऱ्यावानी. किरणाचा मारा झाला का अनू आपल्या जागेवरून उडतात, रिकाम्या जागा राहतात, त्यात गॅस जमा होते. जमा होता होता बुडबुडा मोठा होते. अन् मंग नळी फुगते, वाकते, तडकते."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? पुरं पानी एकाच जागी गेलं तं तलाव फुटते. तेच पानी हजार बांध्यात अडवलं तं धान पिकते. चिन्नोर म्हनजे धुरे हायत, मागवाल्या. पोलादात इतके बारीक अन् इतके जवळ जवळ धुरे घाला का गॅस जिथल्या तिथं अडली पायजे. बुडबुडे लाख झाले तरी चालन. मोठा एकबी नाही झाला पायजे."

हे धुरे, म्हणजे बांध, घालायचे कसे? वितळलेल्या लोखंडात ते ऑक्साइड टाकलं तर तरंगून वर येतं. म्हणून वितळवायचं नाही. लोखंडाची भुकटी आणि चिमूटभर ऑक्साइड एका बंद ड्रममध्ये पोलादी गोळ्यांबरोबर घालून दोन दिवस घुसळायचं. गोळ्यांच्या माराने कण चेपतात, तुटतात, पुन्हा जुळतात, आणि ऑक्साइड लोखंडाच्या पोटात विखरून बसतं. ड्रममध्ये हवा नको, आर्गॉन वायू भरायचा. हवा शिरली तर प्राणवायू जास्त होतो, धुरे बारीक न राहता ढेकळं होतात, आणि सगळं काम फुकट.

त्या ड्रमच्या झाकणाला आठ नट होते. ते आवळायचा साहेबांचा एक ठरलेला क्रम होता, समोरासमोरचे, आणि प्रत्येकाला ठरलेला जोर. पान्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत. घुसळण सुरू झाली की दोन दिवस ते ड्रमपाशीच. खुर्चीवरच डोळा लागायचा. ड्रमचा आवाज बदलला की जागे.

पहिली तुकडी गेली आणि काही महिन्यांनी निकाल आला. कपाळावरच्या टिकलीएवढ्या चकत्या करून त्यांच्या अर्ध्या भागावर मारा करतात, अर्धा झाकून ठेवतात. मारा झालेला भाग फुगला, की मधे एक पायरी तयार होते. तिची उंची मोजायची. साध्या पोलादावर ती पायरी चांगली ठळक होती. आमच्या चकत्यांवर जवळजवळ नव्हतीच. संस्थेने लिहिलं की असंच आणखी एकदा करून दाखवा.

आनंद व्हायला हवा होता. झाला संशय. इतकं चांगलं कसं आलं? मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"मिल सुरू कराच्या आधी हे त्या डबीतलं काहीतरी टाकतात. पाहिलं न तू?"

"पाहिलं."

"ते स्टोअरमधलं नाही. काय टाकून राहिले, आपल्याले मालूम पडलं पायजे. उद्या हे दुसरीकडे गेले, तं फॉर्म्युला घेऊन जातीन. अन् भलतंच काही टाकत असले, तं नाव आपलं जाईन. तू जवळ असतोस. लक्ष ठेव."

मला वाटलं होतं, मॅनेजर घाबरट आहेत. पण त्या दिवसापासून मीही डबीकडे पाहू लागलो. मीच मिल चालवायचो, पंधरा वर्षं चालवली होती, आणि ड्रममध्ये काय जातं ते मला माहीत नाही, ही गोष्ट मला आतून कुरतडायला लागली. साहेब माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, मग मी का ठेवावा, असा माझा हिशेब.

दुसरी तुकडी लागली. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बपेऱ्याला त्यांच्या मोठ्या भावाची तेरवी होती. साहेब जाणार नाहीत असंच आम्हाला वाटलं. पण घरून दोनदा फोन आला. ते बराच वेळ ड्रमपाशी उभे राहिले आणि मग माझ्याकडे आले.

"सांजवरी येतो. तुज्यावर सोडून जातो."

"जा न सायेब. बिनघोर जा."

"बिनघोर गिनघोर काही नाही. भरोसा नाही माजा तुज्यावर. पन दुसऱ्या कोनावर तं मुळीच नाही."

हे त्यांनी हसून म्हटलं नाही. मला मात्र तेव्हा राग आला. आता कळतं, की त्या माणसाने आयुष्यात कोणाला यापेक्षा मोठं काही दिलं नसेल.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिल गार व्हायला थांबवायची असते. शेडमध्ये मी एकटा होतो. मी पाना घेतला आणि झाकण उघडलं. आत काय केलं, किती वेळ केलं, ते पुढे येईल. ते मी खरेपणाने एकदाच सांगू शकलो आहे, आणि तेही विचारणाऱ्याने सोडलं नाही म्हणून. इथे एवढंच, की मी उघडलं, पुन्हा लावलं, वायू भरला आणि मिल सुरू केली.

साहेब दिवस मावळायच्या आत आले. कपाळाला बुक्का तसाच. चप्पल काढायच्या आधी ड्रमपाशी गेले, मिल थांबवली आणि एकेका नटावरून बोट फिरवत गेले. पाचव्यावर थांबले.

"हा नट माज्या हातचा नाही."

मॅनेजर आले, दुसरे दोघे आले. कोणीतरी खुदकन हसलं.

"ड्रम उघडला कोनं?" साहेबांनी विचारलं.

"नटावर तुमी सही करता का?" मॅनेजर म्हणाले. "अहो, दिवसभर हादरे बसतात त्याले."

"हादऱ्यानं नट ढिला होते. हा जास्त आवळला हाय. ही बॅच फेकून द्या. मी नवी लावतो."

"कोणाच्या म्हणण्यावर? बोटाच्या?" मॅनेजर माझ्याकडे वळले. "तू होता न इथं? उघडला होता का ड्रम?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. साहेबही. मी म्हणालो, "नाही."

"लिहून दे रजिस्टरमध्ये," मॅनेजर म्हणाले. मी लिहिलं, झाकण उघडलेलं नाही, आणि खाली सही केली. साहेबांनी ती ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ओळ वाचली. त्या दिवसापासून त्यांनी मला 'मागवाल्या' म्हणून हाक मारली नाही. नाव घ्यायला लागले.

निकाल आला. चकत्यांवर पायरी होती; चांगली दिसेल एवढी. भुकटीत प्राणवायू नको तेवढा जास्त निघाला होता. साहेबांनी चौकशीत पुन्हा पुन्हा एकच सांगितलं, ड्रम उघडला होता. पुरावा काय, तर पाचवा नट. आणि विरुद्ध बाजूला माझी सही. वरून त्यांचं रजिस्टर उघडलं तर लुचई आणि चिन्नोर. संस्थेकडून चौकशीला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "यह क्या है, होटल का हिसाब?" संस्थेने काम काढून घेतलं. नोंदी भरवशाच्या नाहीत, म्हणून पहिल्या तुकडीचा निकालही धरू नये, असं त्यांनी कळवलं. साहेबांना ते पत्र दाखवलं, तेव्हा दुसऱ्या तुकडीबद्दल ते काही बोलले नाहीत. "पह्यली काहून काटली?" एवढंच विचारत राहिले. "पह्यलीनं काय केलं?" महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. घुंगरू काट्यावरून उचललं, रुमालात बांधलं आणि गेले.

पुढे शेडमध्ये कोणी जास्त चौकशी करायला लागला, की सगळे म्हणायचे, "पाचवा नट ढिला झाला का रे ह्याचा?" ही म्हण मी पाडली. मला ते सांगायला छान जमायचं. साहेबांसारखं बोट फिरवत, एक खांदा पुढे करून. निवृत्त झाल्यावरही सांगायचो. अलीकडे साकोलीला एका लग्नात, पंगतीत बसून, मी तेच सांगत होतो. लोक हसत होते. शेजारच्या एका मास्तरांनी सहज विचारलं, "पण मग उघडला होता का हो कोणी?"

"कोण उघडणार?" मी म्हणालो, आणि हातातला घास परत पानात ठेवला. इतकी वर्षं मी गप्प बसलो होतो असं स्वतःला समजावत आलो होतो. गप्प कुठे होतो? मी तर गावोगाव साक्ष देत फिरत होतो.

आठवड्याने तुमसरहून बस धरून बपेऱ्याला गेलो. घर विचारावं लागलं. साहेबांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, ओळखलं नाही, नाव सांगितलं तेव्हा आत पाहून म्हणाल्या, "आहेत. पण तुम्ही कशाला आले ते आधी सांगा, नाहीतर ते मलेच विचारत बसतीन."

साहेब मागच्या अंगणात खाटेवर होते. फार थकलेले. नजर मात्र तीच. मी बसलो. कसं सुरू करावं हे बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"सायेब, त्या दिवशी ड्रम मी उघडला होता."

त्यांनी विचारलं, "कोनं पाठवलं तुले?"

"कोनी नाही. मीच आलो."

"मॅनेजर जिता हाय?"

"नाही. मागच्या साली गेले."

"म्हनजे त्याले मरू देलं, अन् मंग आला."

मी असा विचार केला नव्हता. पण त्यांनी म्हटल्यावर मला तो खोटा वाटला नाही.

"किती वेळ उघडा होता?"

"दोन मिनिटं असन."

"खोटं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "तपासनीत ऑक्सिजन किती निघाला तो आकडा मले आजबी पाठ हाय. दोन मिनिटात तेवढा जात नाही."

"दहा असतीन."

"दहानंबी नाही होत. पुरा घंटा झाकन उघडं ठेवलं तरी नुसत्या हवेनं तेवढा नाही होत. तू तितं काय केलं, ते सांग."

खोटं बोलायला जागा उरली नाही. मी सांगितलं. झाकण जेवणाच्या सुट्टीभर उघडं होतं, पाऊण तास. मी मूठभर भुकटी काढून पत्र्याच्या ट्रेवर पसरली आणि लोहचुंबक फिरवला. साहेबांनी चोरून काही घातलं असेल तर ते चुंबकाला लागणार नाही, असा माझा शोध. सगळं लागलं. काहीच निघालं नाही. आणि मी पाहत असतानाच ट्रेच्या कडेला एक ठिपका लाल झाला. इतकी बारीक भुकटी पहिल्यांदा हवेत आली होती. अगरबत्तीसारखी ती लाली ट्रेभर सरकत गेली आणि सगळी भुकटी जळून काळपट झाली.

"अन् ते कुठं फेकलं?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. "नाही फेकलं. तुमी ड्रम आधी तोलता, मंग तोलता. मूठभर कमी भरला असता तं तुमाले समजलं असतं. म्हनून गार झाल्यावर मी ते परत ड्रममंदीच टाकलं."

साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. ते आकडे होते. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "जुळलं."

"तुमाले माज्यावर वहम होता?"

"वहम कायचा? नटानंच सांगतलं होतं, तू उघडला. पन उघडल्यानं एवढं होत नाही, हे मले मालूम होतं. मंग बाकीचं कोनं केलं?" त्यांनी शर्टाच्या डाव्या खिशावर हात ठेवला. "त्या डबीत चिन्नोरच होतं रे. स्टोअरमंदी ओल धरे, म्हनून सुकवून खिशात ठेवो. मले वाटे, तेच तोलाले मी चुकलो. भाऊ गेल्ता, ध्यान नव्हतं. मीच जास्त टाकलं असन, त्यातबी ऑक्सिजन असतेच. इतके साल मी मलेच धरून बसलो होतो."

दारात उभ्या वहिनी म्हणाल्या, "मीठबी तीनदा मोजून टाकतात. स्वतःच्या हातावरच भरवसा नाही राहिला ह्याइले."

मी म्हणालो, "सायेब, एकदा विचारलं असतं, तं डबीत काय हाय ते तुमी सांगतलं असतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. "ते राहू दे. माफी रजिस्टरमंदी चढत नाही. लिहून दे."

वहिनींनी कागद दिला. मी खाटेच्या काठावर ठेवून लिहिलं: झाकण मी उघडलं, पाऊण तास उघडं होतं, जळलेली भुकटी मी परत टाकली, आणि उघडलं नाही असं लिहून खाली सही केली ती खोटी होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं, झालं. पण ते कागद परत माझ्याकडे धरून बसले.

"पह्यलीचं नाही लिहिलं," ते म्हणाले.

मी कागद घेतला आणि खाली लिहिलं, आणि तेच आता इथे लिहितो, कारण तो कागद त्यांच्या घरी आहे आणि हे वाचणारे दुसरीकडे: पहिल्या तुकडीच्या ड्रमला मी हात लावला नव्हता. दुसऱ्या कोणीही लावला नव्हता. ते पोलाद फुगलं नाही, ते खरं होतं.